हिरासिंगदादांचा गुडघा

हिरासिंग आडे यांच्यापुढे फुटबॉलचं नाव काढायचं नाही, असा त्यांच्या घरात नियम होता. तो रोज मोडला जायचा आणि मोडणारे रोज ते स्वतःच असायचे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत त्यांचा बंजारा तांडा आहे. संध्याकाळी तिथल्या लिंबाखालच्या पारावर माणसं जमली, की गप्पा हळदीच्या बेण्यापासून सुरू होवोत नाहीतर कुणाच्या सोयरिकीपासून, फिरून फिरून त्या हिरासिंगांच्या उजव्या गुडघ्यावर येऊन टेकायच्या. तांड्यात आजोबांना दादा म्हणतात, आणि हिरासिंग तर अर्ध्या तांड्याचे दादा होते.

“आजकालचे खेळाडू काय खेळाडू हायत?” दादा मिशीवरून हात फिरवून सुरू करायचे. “वारा लागला की पडतेत. पडले की डॉक्टर पळत येतो अन् फवारा मारतो, जसा कापसावर मारून राहिला. आमच्या टायमाला न्हाई डॉक्टर, न्हाई फवारा. उघड्या पायानं खेळायचो. बॉल असा कातड्याचा, पाण्यात भिजला की धोंडा. डोक्यानं मारला की रातीला भाकर दोन दिसायच्या.”

“मग एक दादीला द्यायची,” नात रूपा म्हणायची, आणि पार हसायचा.

जुनं ते सोनं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, आणि ज्याची उमर सरली त्याला तर मुळीच नाही. पण दादांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. तरुणपणी ते हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हमाल होते. दिवसभर हळदीची पोती पाठीवर घ्यायची आणि दिवस कलला की त्याच अंगानं मैदानात उतरायचं, असे अकरा हमाल मिळून मोंढ्याचा संघ झाला होता. दादा त्यात फुलबॅक. त्यांना ओलांडून जाणं म्हणजे भिंतीला धडकून पलीकडे जाणं, असं त्या वेळचे लोक सांगत. एका दसऱ्याला अंतिम सामना होता. पहिल्याच डावात दादांचा पाय जमिनीत रुतला, अंग एकीकडे वळलं, गुडघा दुसरीकडे. तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. दादांनी खांद्यावरचा रुमाल गुडघ्याला करकचून बांधला आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ते मैदानातून हलले नाहीत. मोंढा जिंकला. त्यांना हार घालून, पोती वाहायच्या हातगाड्यावर बसवून बाजारभर मिरवलं.

गोष्ट नेहमी हारापाशी संपायची. पुढचं सांगायची गरजही नव्हती, ते तांड्याला रोज दिसत होतं. घरी आणल्यावर पाय भोपळ्यासारखा सुजला. जाणत्या माणसांनी आपल्याला ठाऊक होता तो इलाज मनापासून केला. बिबे तापवून त्यांचं तेल गुडघ्याभोवती घातलं, सूज उतरेल म्हणून. बिब्यानं कातडी जळाली, जखमा झाल्या, त्या भरेपर्यंत पाय वाकायचा विसरला. दादा पुन्हा कधी खेळले नाहीत. पोतंही उचलता येईना, म्हणून मोंढा सुटला आणि ते तांड्यावर शेतीला परत आले. लंगडत चालायचं आणि पंगतीत सगळे मांडी घालून बसले की आपण कडेला दगडावर बसायचं, हे तेव्हापासून ठरून गेलं.

त्यांची बायको पारूबाई यावर एकच वाक्य बोलायच्या. “कप मोंढ्यानं नेला अन् गुडघा माझ्या घरी आला.”

एक गोष्ट मात्र दादांनी पारूबाईंनाही कधी सांगितली नव्हती. ते अंथरुणावर असताना संघाचा मुकादम भेटायला आला होता आणि जाताना दारात कुणाला तरी म्हणाला होता, “हिरासिंग मनानं खचला. हिंमत धरली असती तर उठला असता.” दादांनी ते ऐकलं होतं. पारावर जो वाघ रोज डरकाळी फोडायचा, त्याच्या पोटात हा काटा इतकी वर्षं रुतून होता. आपण खरंच खचलो होतो का, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारणार तरी कुणाला?

रूपा ही त्यांचा मुलगा विकास याची लेक. अकरावीला होती, हिंगोलीला कॉलेजात जायची आणि तिथल्याच मुलींच्या फुटबॉल संघात खेळायची. ती लहान असताना दादांनीच तिला कालव्याच्या काठावर चेंडूचा नाद लावून दिला होता. ती चड्डी घालून खेळते म्हणून तांड्यात कुणी नाक मुरडलं, तर दादा हातातली काठी फक्त एकदा आपटायचे. तेवढं पुरायचं. पोरगी पडली, खरचटली, तर रडायची नाही. “दादा तर मोडक्या गुडघ्यानं खेळले,” असं म्हणून धूळ झटकायची आणि परत पळायची. दादांची छाती फुगायची. त्या वेळी त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

ती मोठी झाली तशी दोघांची रोज जुंपायला लागली. ती मोबाइल पुढे धरायची. “दादा, आताचे खेळाडू एका म्याचमधी दहा-अकरा किलोमीटर पळतेत.”

“मोजतंय कोण?”

“मशीन.”

“मग मशीनच्या भेवानं पळत असतील.”

“अन् मधल्या सुट्टीत तुमी काय करायचे?”

खोटं बोलायची दादांना सवय नव्हती. “बिडी ओढायचो.”

“झालं मग.”

“बिडीनं दम भरतो,” दादा म्हणायचे, आणि चुलीपुढे बसलेल्या पारूबाईंना हसता हसता ठसका लागायचा.

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या दसऱ्याला हिंगोलीत मुलींचे सामने होते. रूपाचा संघ अंतिम सामन्यात पोचला. दादा सकाळच्या एसटीनं गेले. नवं धोतर, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर रुमाल. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना जागा मिळाली आणि शेजारी किसनसिंग येऊन बसले. किसनसिंग म्हणजे मोंढ्याच्या त्याच संघाचे गोलकीपर. दोघं एकत्र आले की दोन लाउडस्पीकर समोरासमोर लावल्यासारखं व्हायचं. “हिऱ्या, बघ, बघ, ती पोरगी पडली अन् रडून राहिली,” किसनसिंग म्हणायचे. “आपल्या टायमाला असं व्हतं का?” दादा मान हलवायचे, पण डोळे रूपावरून हटवायचे नाहीत.

सामना बरोबरीत होता. थोडाच वेळ उरला होता. उंच चेंडूसाठी रूपानं उडी घेतली, चेंडू डोक्यानं परतवला आणि ती खाली आली. कुणी तिला धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. नुसती उतरली. पण उतरताना पाय एकीकडे राहिला आणि गुडघा आत वळला.

लोकांच्या गलक्यात आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी दादांना ती तुरीची काडी मोडलेली ऐकू आली.

रूपा गुडघा धरून बसली. प्रशिक्षक दिपक सर औषधाचा फवारा घेऊन पळत आले. तिनं ओठ दाबून मान हलवली. “काही न्हाई सर. खेळते मी.” आणि ती खरंच उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती कडेकडे वळली, तिनं दादांना शोधलं आणि हात पुढे केला.

“दादा, रुमाल द्या.”

किसनसिंग खुर्चीवरून उठलेच. “वा रं वाघीण! नात कोणाची हाय!” आजूबाजूच्या जुन्या लोकांना ती गोष्ट ठाऊक होती. त्यांनी नव्या लोकांना सांगितली आणि बघता बघता कडेची सगळी माणसं दादांकडे बघायला लागली. दादांनी खांद्यावरचा रुमाल काढला. काठी टेकत ते मैदानात निघाले. म्हातारा आपल्या हातानं नातीचा गुडघा बांधणार, म्हणून लोकांनी मोबाइल वर केले.

त्या चार पावलांच्या वाटेवर दादांना किती लांब जावं लागलं, हे त्यांनाच ठाऊक. पारावर उभ्या जन्माची जी मिजास त्या एका रुमालावर उभी होती, ती आज शंभर माणसांसमोर आपल्याच हातानं खाली ठेवायची होती. आणि नाही ठेवली, तर पोरीचा पाय जाणार होता. रूपानं तो रुमाल त्यांच्याच तोंडून ती गोष्ट ऐकून मागितला होता. पोरीला हे कुणी शिकवलं, याचं उत्तर शोधायला दादांना लांब जायची गरज नव्हती.

ते तिच्यासमोर उभे राहिले. रुमाल त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवला.

“बाहेर चल.”

“दादा, थोडाच टाइम ऱ्हायला. बांधा ना.”

“बाहेर चल म्हन्लं ना.”

“तुमी तर खेळला व्हता.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं की रागाचं, कोण जाणे.

“व्हय,” दादा म्हणाले. “अन् त्या दिवसापासून परत कदी खेळलो न्हाई. तुला ते सांगायचंच ऱ्हाऊन गेलं.” मग ते दिपक सरांकडे वळले. “सर, हिला उचला. पाय भुईला टेकू देऊ नका. माझा गुडघा असाच गेलता, मला बराबर कळतंय.”

दिपक सर शहाणे होते. त्यांनी एकदा दादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दोन मुलींना हाक मारली. त्यांनी हातांची खुर्ची करून रूपाला बाहेर नेलं. कडेला उभ्या असलेल्या माणसांनी मोबाइल खाली घेतले, कुणीतरी “काय म्हातारा आहे” असंही म्हणालं. किसनसिंग तर भाकर करपल्यासारखं तोंड करून बसले होते. “हिऱ्या, दहा मिनिटं ऱ्हायली व्हती रं.” रूपाचा संघ एका गोलनं हरला. परतताना विकासच्या टेम्पोत ती दादांशेजारी बसली होती, पाय उशीवर ठेवून, आणि तांडा येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. शेजारच्या मिराबाई बिबे आणि चिमटा घेऊन दारात उभ्याच होत्या. पोरीच्या मायेपोटीच आल्या होत्या बिचाऱ्या. दादांनी काठी दारात आडवी धरली.

“मिरा, हळदीचं दूध दे तिला, पोटभर दे. पण बिबा ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई.”

“अवं दादा, सूज हाय तिला.”

दादांनी धोतर वर सारलं. गुडघ्याभोवतीचे पांढरे डाग तांड्यात सगळ्यांनी पाहिले होते, पण दादांनी ते स्वतः कधी दाखवले नव्हते. मिराबाईंनी बिबे पदराआड घेतले आणि त्या दूध तापवायला आत गेल्या.

नांदेडला तपासणी झाली. फोटोत दिसलं की गुडघ्यातली एक शीर, जिला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, ती पूर्ण तुटली आहे. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. डॉक्टर तरुण होते, पण बोलणं सावकाश आणि समजेल असं. “हाडांमधली गादी मात्र शाबूत आहे,” ते म्हणाले. “तुटल्यावर ही मुलगी पळत राहिली असती तर ती गादीही फाटली असती, मग आम्हाला फार काही करता आलं नसतं. कुणी काढलं हिला बाहेर?”

रूपानं मान खाली घातली होती. ती हळूच वर झाली. तिनं दादांकडे बोट केलं आणि सामन्यापासून दादांबद्दलचं पहिलं वाक्य बोलली. “हे आमचे दादा. ते फुलबॅक व्हते.”

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणे.

ऑपरेशननंतर हिंगोलीला प्रियदर्शनी मॅडमकडे जायचं ठरलं. त्या फिजिओथेरपिस्ट. तुटलेलं शिवायचं काम डॉक्टरांचं आणि शिवलेल्याला पुन्हा चालायला शिकवायचं काम त्यांचं. पहिल्याच दिवशी दादा रूपाला धरून दारातून आत येत होते, तर मॅडम रूपाऐवजी दादांच्या पायाकडे बघत राहिल्या.

“आजोबा, तुम्ही बसा इथे. तुमचा गुडघा बघू.”

“माझा काय बघता? ते जुनं सामान हाय.”

“जुनंच बघायला आवडतं मला.”

त्यांनी दादांचा पाय हातात घेतला, हळूच पुढे ओढून पाहिला, बाजूला वळवून पाहिला. कसा लागला, कधी लागला, आवाज आला होता का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “फोटोत पक्कं कळेल, पण माझ्या हाताला तरी हेच लागतंय. रूपाची जी शीर तुटली ना, तीच तुमची तुटलेली आहे. तेव्हापासून तुटलेलीच आहे.”

इतक्या वर्षांत दादांच्या दुखण्याला पहिल्यांदा कुणी नाव दिलं होतं. मग त्यांनी विचारलं.

“म्हंजे मॅडम, हिंमत धरली असती तर उठलो असतो, असं काही न्हाई?”

प्रियदर्शनी मॅडम पायांशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. “तुटलेली दोरी हिंमतीनं जुळत नाही, आजोबा. आज जगातला सगळ्यात मोठा खेळाडू घ्या, ही शीर तुटली की तोही पडतो. फरक एवढाच की त्याला उठवायला दहा माणसं धावतात. तुम्ही एकटे होता.”

माणूस किती वर्षं ओझं वाहतो आणि ते किती सहज उतरतं. पोती उतरवताना हमालाच्या तोंडून जो उसासा निघतो, तसा उसासा दादांच्या तोंडून निघाला. त्यांनी मॅडमना हात जोडले. मॅडम “अहो, अहो” म्हणत राहिल्या, पण दादांनी हात खाली घेतले नाहीत. हे आभार त्या एका बाईचे नव्हतेच, त्यांना कुणाकुणाचे मानायचे होते ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

“शीर आता जुळणार नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण आजूबाजूचे स्नायू मजबूत केले तर पाय पुष्कळ साथ देईल. नातीबरोबर तुम्हीही व्यायाम करायचा.”

“ह्या वयात?”

“रूपा, तुझे दादा घाबरतात का गं?”

एवढं पुरे होतं.

टाके सुकले, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा मॅडमनी पाण्यात चालायला सांगितलं. पाण्यात अंगाचा भार कमी होतो आणि पायाला मेहनत मात्र होते. मोठ्या शहरात त्यासाठी बांधलेले हौद असतात, असं सांगून त्या जरा अडखळल्या. दादा म्हणाले, “हौद कशाला, आमच्याकडं धरण हाय.” धरणाच्या मागच्या अंगाला, जिथे मासे धरणारे आपल्या होड्या ओढून ठेवतात, तिथे काठ सपाट आणि उथळ आहे. दादांनी आधी स्वतः काठीनं तळ चाचपून पाहिला, खड्डा नाही, चिखल नाही, मगच पोरीला उतरू दिलं.

रोज सकाळी आजोबा आणि नात कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांचा हात धरून इकडून तिकडे चालायला लागली. काठावर पारूबाई टॉवेल घेऊन बसायच्या. तांड्याला आयतीच करमणूक झाली. “दोन म्हशी पाण्यात गेल्या का गं?” असं येणारी-जाणारी विचारायची, आणि पारूबाई म्हणायच्या, “एक म्हस हाय, दुसरा हेला हाय.” दादा लबाडी करायचे, मध्येच गार पाण्याचं निमित्त करून थांबायचे. मग रूपा दिपक सरांच्या आवाजात ओरडायची, “फुलबॅक, थांबायचं न्हाई!” आणि म्हातारा पुटपुटत पुन्हा चालू लागायचा.

रूपालाही वाईट दिवस आले. मैत्रिणी खेळायच्या आणि ही खुर्चीवर बसून पाय वर-खाली करायची. एकदा ती म्हणाली, “दादा, मला न्हाई वाटत मी परत खेळेन.” दादांनी तिला हिंमत धर असं म्हटलं नाही. तो शब्द त्यांनी सोडूनच दिला होता. ते म्हणाले, “आज मॅडमनी सांगितलं तेवढं कर. उद्याचं मॅडम उद्या सांगतील.” मग तिच्याशेजारी बसून त्यांनीही आपला पाय वर-खाली करायला सुरुवात केली.

होळीच्या सुमाराला एक दिवस पारूबाई भाकरी थापत होत्या. दादा जेवायला आले आणि नेहमीच्या दगडावर न बसता भुईवर टेकले. मांडी नाही जमली, उजवा पाय लांबच राहिला, पण ते भुईवर बसले होते आणि कुणी हात दिला नव्हता. पारूबाईंची भाकर तव्यावर करपली. त्यांनी करपलेली आपल्या ताटात घेतली आणि चांगली त्यांना वाढली.

पारावरच्या गप्पा तेवढ्यानं बदलल्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बॉल धोंड्यासारखा होता आणि भाकरी दोन दिसायच्या, हे दादा अजूनही सांगायचे. पण एकदा किसनसिंग तांड्यावर आले असताना त्यांनी मुद्दाम काडी टाकली. “हिऱ्या, आता खरं सांग. आपुन तगडे का ह्या आताच्या पोरी?”

दादांनी विचार केला. “उचलायचं म्हन्शील तर आपुन तगडे. ह्या पोरींच्यानं पोतं हलणार न्हाई. पळायचं म्हन्शील तर ह्या आपल्याला दोनदा पळवून दमवतील. पण किसन, आपल्या अकरा जणांतले तिशीला कितीजण खेळत व्हते?”

किसनसिंग आठवायला लागले. कुणाची पाठ गेली, कुणाचा घोटा. त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, चेंडू अडवताना मोडलेली आणि तशीच जुळलेली.

“जे मोडले ते घरी बसले,” दादा म्हणाले. “अन् जे ऱ्हायले ते म्हन्ले, आमी कदी मोडलोच न्हाई. म्या तर मोडून बी तेच म्हन्लो.”

किसनसिंगांनी आपली वाकडी बोटं दुसऱ्या हातात घेतली आणि चोळत बसले. “तुझ्या त्या मॅडम बोटं बघतेत का रं?” त्यांनी विचारलं.

मग परवाचा दसरा आला. सामने त्याच मैदानावर होते. दिपक सरांनी रूपाला पहिल्या डावात बसवून ठेवलं आणि दुसऱ्या डावात उतरवलं. दादा आणि किसनसिंग कडेला बसले होते. पारूबाईही आल्या होत्या, उभ्या जन्मात पहिल्यांदा, आणि खेळ कशाशी खातात हे ठाऊक नसताना रूपाजवळ येणाऱ्या प्रत्येक पोरीला शिव्या घालत होत्या. रूपा पहिल्यांदा दबकत पळाली. मग एकदा तिनं समोरच्या मुलीच्या पायातून चेंडू अलगद काढून घेतला, कालव्याच्या काठावर दादांनी शिकवलं होतं अगदी तसा, आणि दादा काठी धरून अर्धे उभे राहिले.

सामना पुन्हा बरोबरीत होता. लोक ओरडत होते. थोडाच वेळ उरला असेल, आणि रूपा पळता पळता थांबली. तिनं मांडीच्या मागे हात लावला, दाबून पाहिलं, एक पाऊल टाकून पाहिलं. तिनं दिपक सरांकडे पाहिलं आणि स्वतःहून हात वर केला. मांडी भरून आली होती, मला बाहेर घ्या, असं तो हात सांगत होता.

मागे कुणीतरी हसलं. “बस, एवढ्यातच? आजकालच्या पोरी बगा. वारा लागला की पडतेत.”

ते दादांचंच वाक्य होतं, शब्द न शब्द. हिंगोलीत कुठून कुठून फिरून ते त्यांच्याच पाठीमागे येऊन उभं राहिलं होतं. दादांनी वळून पाहिलं नाही. ते काठी खुर्चीला टेकवून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागले. गोल झालेला नव्हता, शिट्टी वाजलेली नव्हती, मैदानातून एक मुलगी फक्त बाहेर येत होती. टाळ्या वाजवणारे ते एकटेच होते. मग पारूबाईंनी वाजवल्या, कशासाठी ते न कळता. मग किसनसिंगांनी, वाकड्या बोटांनी.

रूपा कुणाचा आधार न घेता आपल्या पायांनी चालत कडेला आली. ती दादांच्या खुर्चीपाशी भुईवर बसली, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल तिनं ओढून घेतला आणि त्यानं तोंडाचा घाम पुसला.